माकडांनी नेलेली कौलं

“बघा सायेब, कुठं म्हनून केर दिसायचा नाय,” अनुसयाबाई म्हणाल्या आणि उगाचच चौकटीवरून एकदा पदर फिरवला.

केर खरंच नव्हता. अंगण सारवलेलं, तुळशीच्या वृंदावनाला ताजा गेरू, उंबऱ्यावर रांगोळी. ओसरीवर पाट मांडलेला, शेजारी लखलखीत घासलेला तांब्या. माझ्या हातातल्या कागदावर मात्र लिहिलं होतं, ‘वादळाने घराचे छप्पर उडून मोठे नुकसान.’ मी मान वर करून पाहिलं. आढ्यापासून वळचणीपर्यंत एक कौल इकडचं तिकडे झालेलं नव्हतं.

“नुकसान कुठाय?” मी विचारलं.

“काय?”

“नुकसान, काकी. मी विमा कंपनीकडून नुकसान बघायला आलोय.”

“त्ये आता कुठला?” त्या हसल्या. “आठ दिस खपून सगला आवरला. तुमी लांबून येनार, तुमास पडकी घरं दाखवायची काय?”

मी पाटावर बसलो, कारण उभं राहून रागावणं मला त्या उन्हात झेपलं नसतं.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. सांगलीचा शिरगुप्पे, शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर, धंद्याने सर्व्हेअर. वादळ झालं, आग लागली, भिंत खचली की कंपनी आमच्यासारख्याला पाठवते. आम्ही नुकसान मोजायचं, फोटो काढायचे आणि अहवाल लिहायचा. त्यावर दावा पास होतो किंवा होत नाही. परवाना मिळून मला जेमतेम सहा महिने झाले होते आणि त्या वर्षी वैशाखातलं वादळ दापोलीच्या किनाऱ्याला धुऊन गेल्यावर माझे वरिष्ठ अभ्यंकरसर यांनी मला सव्वीस दावे देऊन इकडे धाडलं होतं.

त्यातल्या तिसऱ्याच दाव्यात मी तोंडावर आपटलो होतो. एका गृहस्थाने पडलेला मांगर, म्हणजे शेतावरचं खोपट, दाखवला, वर आंब्याची हिरवी फांदी. मी हळहळलो, चहा प्यायलो आणि पास करून मोकळा झालो. मुंबईच्या ऑफिसने माझाच फोटो भिंगाखाली धरला, तर पडलेल्या वाशावर हातभर वाळवीची माती. मांगर दोन वर्षांपूर्वी पडला होता, फांदी सकाळी तोडून ठेवली होती. अभ्यंकरसर फोनवर एवढंच म्हणाले, “आणखी एक असा निघाला की परवाना विसर.” तेव्हापासून मी ताकही फुंकून पीत होतो. आणि इथे तर समोर ताकही नव्हतं.

आतून भागोजी पड्याळ बाहेर आले. साठीचा काटकुळा माणूस, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत बँकेची फाईल. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात शिपाई म्हणून जन्म काढून निवृत्त झालेले. नऊ वर्षांपूर्वी कर्ज काढून घर बांधलं, तेव्हा बँकेने विमा गळ्यात मारला. कांदळवाडीच्या बारा घरांत विमा असलेलं हे एकच घर.

“काका, छप्पर उडालं असं तुम्ही कळवलंत.”

“व्हय. पार गेला. ही एवडी कड तेवडी ऱ्हायली.” त्यांनी पूर्वेच्या कोपऱ्याकडे हात केला.

“मग हे वर काय आहे?”

“त्ये शाकारला मागाहून.”

“कोणी?”

“मंडळींनी.”

“कौलं कुठून आणली? दापोलीत तर वादळानंतर एक कौल विकत मिळत नाही.”

“मिलाली,” भागोजी म्हणाले आणि फाईलचा बंद सोडायला लागले. बंद काही केल्या सुटेना.

“पावती?”

“पावती नाय.”

माझ्या मनात वाळवीची माती उभी राहिली. “बरं, फुटलेली कौलं दाखवा. हजारभर कौलं फुटली तर ढीग पडला असेल ना? ढीग कुठाय?”

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. उत्तर अनुसयाबाईंनी दिलं. “त्ये वाटंवर टाकला.”

“कुठल्या वाटेवर?”

“तुमी आलाव त्याच. वादळाच्या पान्याने नुसता चिखल झालेला. म्हटला, सायेबाचं बूट भरतील. म्हनून फुटकी कवला ठेचून पसरली.”

सकाळी रस्ता सोडून त्या उताराच्या पायवाटेवरून, इथल्या भाषेत पाखाडीवरून, उतरताना ती लाल खडी पाहून मला बरं वाटलं होतं. या गावात वाटेची काळजी घेणारं कुणीतरी आहे, असंही मनात आलं होतं. दाव्याचा सगळा पुरावा मी माझ्या नव्या बुटांनी तुडवत आलो होतो.

“काकी, सर्व्हेअर येईपर्यंत काही हलवायचं नाही, एवढंही तुम्हाला माहीत नाही?” माझा आवाज चढला. “आता मी फोटो कशाचा काढू? रांगोळीचा?”

त्यांचा चेहरा उतरला. भागोजी मात्र शांतपणे म्हणाले, “सायेब, आमास वाटला, ज्याला सोताच्या घराची काळजी नाय, त्याला कंपनी कशाला पैसं दील? पडकं घर तसंच टाकून बसलेला मानूस तुमी बगितला असता तर काय म्हनला असता?”

याला काय म्हणायचं, हात दाखवून अवलक्षण की आणखी काही, ते मला कळेना. मी घराभोवती दोन फेऱ्या मारल्या. भिंती धड, वासे धड, कौलांखालच्या लाकडी रिपा काही ठिकाणी नव्या. नव्या रिपा काय, लोक दर उन्हाळ्यात घालतात. रिळात सात फोटो उरले होते. धडधाकट घराचे फोटो काढून ते वाया घालवायची माझी इच्छा नव्हती.

मोबाईलला रेंज फक्त वरच्या मारुतीपाशी येते असं कळलं. टेकाड चढून मी सरांना फोन लावला.

“नुकसान दिसतंय?” त्यांनी विचारलं.

“नाही सर. पण माणसं लबाड वाटत नाहीत.”

“वाटण्याचा कॉलम आपल्या फॉर्ममध्ये नाही, शिरगुप्पे. डोळ्यांना दिसेल तेवढंच लिही. दिसत नसेल तर निल लिही, सही घे, पुढच्या गावाला लाग.”

मी खाली आलो आणि ओसरीवर बसून लिहिलं, ‘पाहणीत नुकसान आढळले नाही.’ असं लिहिलं की दावा संपला. मालकाची सही घ्यावी लागते. मी फॉर्म भागोजींसमोर धरला. ते भांडतील, रडतील, गावातल्या पुढाऱ्याचं नाव घेतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी चष्मा लावला, ती एकच ओळ दोनदा वाचली.

“यात खोटा काय नाय,” ते म्हणाले. “तुमास दिसला नाय, तुमी लिवला नाय.” आणि वळणदार अक्षरात सही करून पेन टोपणासकट परत दिलं.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. का, ते तेव्हा कळलं नाही. भांडले असते तर फार बरं झालं असतं.

एस.टी. साडेतीनला होती. अनुसयाबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. ‘निल’ लिहून त्याच घरात जेवायला बसणं किती जड जातं, ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच माहीत. कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, चटणी आणि वर सोलकढी. मी जैन, सोड्यांना हात लावला नाही. तेव्हा त्या “अरे देवा, आदी सांगायचं नाय?” म्हणत उठल्या आणि ताटात फणसाची भाजी वाढली. त्या भाजीची चव अजून माझ्या जिभेवर आहे.

जेवणानंतर त्यांनी माजघरात चटई टाकली. “पडा घटकाभर. मोटार वर आली की भोंगा ऐकू येतो.”

मी पडलो. झोप कसली येते? उताणा पडून मी वर बघत राहिलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखादं छप्पर आतल्या बाजूने नीट पाहिलं.

मंगलोरी कौलांच्या पोटाला कारखान्याची खूण असते, घरात झोपलेल्यालाच ती दिसते. माझ्या डोक्यावर एका कौलाला मासा होता. त्याच्या शेजारी चांदणी. मग दोन हत्ती, पुन्हा मासा, पुढे नुसतीच इंग्रजी अक्षरं. एक ओळ शेवाळाने हिरवी पडलेली, तिच्या खालची उन्हाने फिकी. एका घराचं छप्पर माणूस एकाच कारखान्याकडून आणतो. निदान कर्ज काढून नवं घर बांधणारा तरी.

मी उठून बसलो. पूर्वेच्या कोपऱ्यात, जिथे भागोजींनी हात केला होता, तिथे सगळ्या कौलांवर एकच खूण होती. शंख. उशाशी ठेवलेली बँकेची फाईल मी उघडली. नऊ वर्षांपूर्वीची कौलांची पावती त्यात शिस्तीत टाचलेली होती. अकराशे नग, शंखछाप.

तेवढ्यात मला मधल्या खणात काळी कौलं दिसली. काजळीने काळीकुट्ट, वर्षानुवर्षं धूर खाल्लेली. आणि त्यांच्या खाली होतं माजघर. या घराची चूल मागच्या पडवीत होती. इथे कधी धूर झालाच नव्हता.

“काकी!” मी हाक मारली. “ही काळी कौलं कुणाची?”

आतून भांड्यांचा आवाज थांबला. “आमचीच की.”

“माजघरात स्वयंपाक करता?”

भांडी पुन्हा वाजायला लागली. मी बूट घातले आणि निघालो.

सगळ्यात जवळचं घर हुसेनचाचा परकारांचं. चाचा अंगणात आरामखुर्चीत बसले होते, पांढरी टोपी, हातात विड्याचं तबक. घर ऐसपैस, पण बाजूच्या लाकडांच्या खोपीवर निळं प्लॅस्टिक बांधलेलं. मी खोपीत शिरून प्लॅस्टिकची कड उचलून पाहिलं. वर चौकोनी भोक. आडव्या दहा, उभ्या सहा ओळी, कडा सरळ. भोकाच्या बाजूच्या कौलांवर मासा.

“चाचा, ही कौलं वादळात गेली?”

“नाय नाय. माकडं,” चाचा म्हणाले. “लय उपद्रव, साहेब.”

कोकणात माकडं कौलं फोडतात, हे खरं आहे. मी पुढच्या घरी गेलो. तिथे गोठ्यावर तसंच चौकोनी भोक. म्हशीला पाणी दाखवणाऱ्या बाईने माझ्या तोंडचा प्रश्न पुरा व्हायच्या आत सांगितलं, “माकडं ओ, दुसरं काय!” तिसऱ्या घरी पडवी उघडी. तिथला म्हातारा म्हणाला, “वानर.” निदान शब्द तरी त्याने बदलला. चौथ्या घरात कुणी नव्हतं, पण भोक होतं. त्याच्या बाजूला चांदण्या.

मी परत चाचांकडे आलो. “चाचा, तुमची माकडं फार शिकलेली दिसतात. साठ कौलं मोजून काढतात, कड सरळ ठेवतात, एक तुकडा खाली पाडत नाहीत?”

चाचांनी पान जुळवलं, चुना लावला, सगळं सावकाश. “साहेब, तुम्ही अहवाल लिहिलात ना?”

“लिहिला.”

“मग आता कशाला फिरता? पोटभर जेवलात, गाडीची वेळ झाली.” आवाजात राग नव्हता, काळजी होती. आणि ती माझी नव्हती.

साडेतीनची गाडी आली तेव्हा मी दहाव्या घरी होतो. भोंगा वाजला, मी ऐकला आणि पुढे चालू लागलो. काळी कौलं अजून सापडली नव्हती.

ती सापडली गावाच्या पार टोकाला, खाडीलगत. एकखणी घर. तिथे मंजुळाबाय नावाची एक विधवा राहायची, ओहोटीला खडकांवरची कालवं फोडून विकायची. दार उघडंच होतं. ती चुलीपुढे बसून भात उतरवत होती आणि चुलीच्या बरोबर वर आभाळ होतं. प्लॅस्टिक होतं, पण ते तिने धुरासाठी काठीने वर उचलून ठेवलं होतं. भोकाभोवतीची कौलं काळीकुट्ट.

“मावशी, हे काय झालं?”

“माकडं,” तिने वर न बघताच सांगितलं.

“चुलीवरची तापलेली कौलं माकडं नेतात?”

“आमच्याकडची माकडं लई हुशार,” तिने फुंकणीने चूल फुंकली.

“किती नेली?”

“अठ्ठावीस.” आणि मग तिने जीभ चावली.

मी दारातच टेकलो. “मावशी, बाकीच्यांनी गोठ्याची दिली, खोपीची दिली. तुम्ही चुलीवरची का दिलीत?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होती, शहरातून माणसं एवढी मठ्ठ कशी येतात! “माज्याकडं गोठा कुठाय?”

मी अठ्ठावीसचा आकडा वहीत लिहिला आणि उठलो.

परत आलो तेव्हा भागोजी पाखाडीच्या तोंडाशी माझी पिशवी घेऊन उभे होते. गाडी गेली म्हणून बिचारे ओशाळले होते, जणू ती त्यांनीच सोडली.

“काका, अकरा घरं,” मी म्हटलं. “अकरा घरांनी तुमचं छप्पर घातलंय. हे सकाळी का नाही सांगितलंत?”

ते म्हणाले, “वादळ झाला त्याच्या दुसऱ्या दिशी सांजंला बगतो तर चारी वाटांनी मानसं येतायत, डोक्यावर पाट्या. कोन काय बोलला नाय. हितली रीतच हाय ती. ज्याचा सगल्यात जास्त गेला, त्याच्यावर आदी छप्पर. कुनी किती दिली त्ये बोलायचा नाय, लिवायचा तर नायच. दिलेल्याची यादी करतो काय सायेब कोन? तुमी इचारलं असतंत, आमी नावं सांगितली असती, तुमी ती कागदावर चडवली असती. उद्या मंजुळाच्या दारात कंपनीचा मानूस उभा, का गं, तू दिलीस काय? मग माज्या तोंडाला काळं.”

“आणि त्यांनी मला माकडं सांगितली ती?”

भागोजींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. “त्यांस वाटला, लोकांनी दिली म्हटल्यावर तुमी म्हनाल, मग पड्याळचं नुकसान काय झाला?”

खरं सांगतो, मी तसंच म्हटलं असतं.

“परत कधी करायची ती?”

“मिरगाच्या आदी. ज्याची त्याला, नवी. तुमचा पैसा आला की चिपळूणास्न ट्रक आनायचा, असा इचार होता. विम्याचा भरवसा होता म्हनून तर घेतली. पन मंजुळाची मी घेतली नसती.” त्यांनी माझी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “त्या दिशी अंधारात कलला नाय. दुसऱ्या दिशी काळी कवला बगितली. काडून परत न्यायला गेलो तर दार लावून घेतला तिनं.”

मिरग, मृगाचा पाऊस, बारा दिवसांवर आला होता. आणि माझ्या पिशवीत त्यांच्या सहीचा ‘निल’ होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. पुरावा शोधत मी गाव पालथं घातलं होतं आणि उभा होतो पुराव्यावरच. मी खाली बसलो, पायाखालचा एक लाल तुकडा उचलला, पँटला पुसला. नुसतीच माती. दुसरा उचलला. तिसरा. सातव्या-आठव्या तुकड्यावर अर्धा शंख निघाला.

“काका, पाणी आणा,” मी ओरडलो. “घमेलं आणा. कुणाला तरी बोलवा!”

मग काय झालं ते सांगितलं तर कुणाला पटत नाही. संध्याकाळपर्यंत त्या पाखाडीवर निम्मं गाव बसलं होतं. घागरी येत होत्या, तुकडे धुतले जात होते. शंख निघाला की एका बाजूला, नाही निघाला तर दुसऱ्या. अनुसयाबाई दर तुकड्यागणिक म्हणत होत्या, “मी मेली हौसेनं ठेचली ओ, मी मेली हौसेनं ठेचली!” चाचा खुर्ची आणवून बसले आणि लांबूनच शंख ओळखायला लागले. ज्यांनी दुपारी माकडं सांगितली होती ती सगळी समोर होती, आणि माकडांचा विषय कुणी काढला नाही. मीही नाही.

फॉर्मवर मी आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहिलं आणि नवा भरला. डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहिलं. विमा उतरवलेल्या घराच्या छपरावर मूळची शंखछाप कौलं एकशे चाळीस. इतर छापांची नऊशे साठ. गावातल्या अकरा छपरांवर चौकोनी भोकं, त्यांतून निघालेल्या कौलांची बेरीज नऊशे साठ. घराकडे येणाऱ्या वाटेवर शंखछाप कौलांचे असंख्य तुकडे, सोबत जोडले आहेत. अकरा घरांची नावं लिहिली नाहीत. एक ते अकरा नुसते आकडे घातले. सातच फोटो होते. सहांत जमतील तेवढी भोकं घेतली, सातवा मंजुळाबायच्या चुलीवरच्या आभाळाचा काढला.

सांगलीला जाऊन अर्धं पोतं तुकडे मी अभ्यंकरसरांच्या टेबलाशी ओतले. सरांनी अहवाल वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

“विमा नसलेल्या अकरा घरांची छप्परं मोजायला कंपनीने तुला पाठवलं होतं?”

“सर, तुम्हीच म्हणालात, डोळ्यांना दिसेल तेवढं लिही.”

ते बराच वेळ शंखाच्या एका तुकड्यावरून अंगठा फिरवत राहिले. “कंपनी विचारणार, छप्पर शेजाऱ्यांनी घातलं तर याचं काय गेलं?”

“याची अकराशेपैकी नऊशे साठ गेली, सर. ती वाटेवर पडलीत. शेजाऱ्यांनी दिलं ते शेजाऱ्यांचं. ते याच्या नुकसानीतून वजा कसं करायचं?”

“हे वाक्य अहवालात नाही.”

“नाही.”

“घाल,” सर म्हणाले आणि सही केली. माझ्या सहीखाली त्यांची. परवाना गेला असता तर दोघांचा गेला असता.

मुंबईने दोनदा शंका काढल्या, दोनदा आम्ही उत्तरं दिली. दावा पास झाला. पण चेक निघाला तो श्रावणात. मिरग केव्हाच येऊन गेला होता. त्या पावसाळ्यात कांदळवाडीतल्या अकरा घरांवर निळं प्लॅस्टिकच होतं, आणि मंजुळाबायने आषाढातला भात कसा शिजवला असेल ते मी कधी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. सकाळी पहिल्यांदा मान वर केली तेव्हाच नीट पाहिलं असतं तर कदाचित एक दिवस वाचला असता. एका दिवसाने काही फरक पडला नसता, हे मला ठाऊक आहे. तरी ते मनात येतंच.

पुढच्या मे महिन्यात दापोलीत दुसऱ्या एका कामाला गेलो होतो. मुद्दाम कांदळवाडीची गाडी धरली, आदल्या दिवशी निरोप धाडला. मारुतीच्या टेकाडावर उतरलो आणि खाली पाहिलं.

गाव तेच, छप्परं तीच, जुनी काळपट. पण जवळजवळ प्रत्येक छपरावर कुठेतरी एक चौकोन लालभडक होता. कुठे गोठ्यावर, कुठे खोपीवर, कुठे पडवीवर. मी मोजले. अकरा. फक्त एका घरावर लाल चौकोन नव्हता. ते भागोजींचं.

पाखाडी उतरून अंगणात आलो तर अंगणभर पाला. ओसरीवर केर, तांब्या कळकट. मी घाईने हाक मारली. तेवढ्यात अनुसयाबाई धावत बाहेर आल्या. “या, या! तुमी येनार म्हनून काल धरनं झाडलाच नाय बगा. आता म्हनू नका, सगला आवरला म्हनून!”

मी इतका हसलो की भागोजी आतून विळा घेऊन बाहेर आले.

हसू ओसरल्यावर माजघरात चटईवर पडून मी वर बघितलं. मासे, चांदण्या, हत्ती, शेवाळाची ओळ. मधल्या खणात काळी अठ्ठावीस. सगळी जागच्या जागी.

“काका, पैसे तुमच्या छपराचे आले होते. तुमच्या छपरावर तर एकही नवं कौल नाही.”

“ज्याची त्याला नवी दिली की. ही जुनी हायत ती चांगली हायत. गळत नाय, काय नाय.” ते माझ्या शेजारी बसून वर बघायला लागले. “आन रातीला पडल्या पडल्या वाचता येतात. ह्यो हुसेनचा मासा, ही मंजुळाची.”

यादी करत नाय म्हणाला होता हा माणूस. ती त्याच्या डोक्यावर होती आणि तो रोज तिच्याखाली झोपत होता.

निघण्याआधी मी खाडीकडे गेलो. मंजुळाबाय चुलीपुढेच होती, वर्षभर तिथून उठलीच नसावी तशी. वर नवी कौलं बसवलेली. काठ अजून लाल होते, मध्ये धुराने काजळून काळी पडायला लागली होती.

“मावशी,” मी दारातून विचारलं, “यंदा माकडं?”

तिने फुंकणी खाली ठेवली, पदराने डोळे पुसले. धूर तर वर सरळ चालला होता.

“यंदा नाय आली,” ती म्हणाली. “बस, च्या घे.”